बाहेरून तीन, आतून दोन

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून घराच्या झडपा लावल्या. ते शेवटचं. तेव्हा तसं काही वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. रोजचंच काम.

घर आमचं नव्हे. दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच लोकांनी बांधलेलं, आता लोक तिकीट काढून बघायला येतात ते घर. आम्ही ते सांभाळायचो आणि मागच्या खोपटात राहायचो. खिडक्यांच्या झडपा लाकडी, जाड, नदीच्या ओलसर हवेनं फुगलेल्या. एकट्या माणसाला त्या लागत नाहीत असं नाही, पण आत-बाहेर फार खेपा होतात. म्हणून आमची रीत ठरून गेलेली. मी बाहेर पडवीत उभा राहून खांद्यानं झडप दाबायची आणि शेजारच्या भिंतीवर मोगरीनं तीन ठोके द्यायचे. मोगरी म्हणजे सुताराची लाकडी हातोडी. तीन म्हणजे 'दाबली'. आतून वत्सला आकडा अडकवायची आणि बोटांच्या पेरांनी भिंतीवर दोन ठोके द्यायची. दोन म्हणजे 'लागली'. मग पुढची खिडकी. मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, हाका मारून उपयोग नाही. पण लाकडी भिंतीवर तळवा टेकला की आतला ठोका हाताला कळतो.

त्या शनिवारी मागच्या खिडकीची बिजागरी फार ओरडत होती. झडप लावून झाल्यावर ती बाहेर आली, हात पदराला पुसत म्हणाली, "अहो, उद्या तेल घाला हो तिला. किती कुरकुरतेय."

म्हटलं, "तुझ्याकडे बघून शिकली."

"आणि न ऐकणं तुमच्याकडून," ती म्हणाली.

मग सकाळचं पिठलं गरम करून खाल्लं. रविवारी सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली ती उठली नाही. ज्या इस्पितळात तिनं बारा महिने तेरा काळ ड्यूट्या केल्या, तिथल्याच खाटेवर मंगळवारी गेली. हृदय. याहून जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

सेंट लुईसच्या आपल्या मराठी मंडळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दिवाळी अंकात दरवर्षी आमचेच लेख असतात, मी अमेरिकेत आलो, मी ऑपरेशन केलं. तुम्ही तुमच्या कामाबद्दल लिहा." मी चौथी शिकलो. पण काम विचारलंत तर सांगता येईल.

आम्ही चिपळूणकडचे. वाशिष्ठीच्या काठचे. मी गवंडीकाम करायचो, वत्सला मिरजेला नर्सिंग शिकून आलेली. इकडे नर्सा कमी आहेत म्हणून तिला बोलावणं आलं. ती पुढे आली, मागाहून मी आणि मुलगी नंदा. म्हणजे तुम्ही सगळे शिक्षणाच्या जोरावर आलात, मी बायकोच्या जोरावर आलो. हे मी मंडळाच्या गणपतीत एकदा मोठ्यानं सांगितलं तेव्हा बायका टाळ्या वाजवत होत्या आणि वत्सला माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

गावाचं नाव सेंट जेनेव्हिव्ह. इथले लोक लाडानं सेंट जेन म्हणतात. सेंट लुईसहून दक्षिणेला गाडीनं तासाभरावर, मिसिसिपीच्या काठी. मिसुरीत गोऱ्या लोकांनी वसवलेलं हे पहिलं गाव म्हणतात. आधी ते खाली, नदीच्या अगदी कुशीत होतं. माती काळी, गहू मका उत्तम, शेजारच्या झऱ्यातून मीठ काढायचे. मग एका वर्षी असा पूर आला की घरांच्या आढ्याला होड्या बांधल्या म्हणतात. तेव्हा गाव उचलून वरच्या अंगाला आणलं. शेत मात्र खालीच राहिलं. ते अजून आहे, मोठं शेत म्हणतात त्याला. लांबच लांब अरुंद पट्ट्या, आपल्याकडे भाऊबंदकीत होतात तशा. फक्त इथं भाऊबंदकी न होताच तशा पाडल्या, प्रत्येकाला थोडी नदीकडची, थोडी डोंगराकडची जमीन मिळावी म्हणून.

नदीचंही सांगतो, पाहुण्यांना हे फार आवडतं. मागे कधीतरी तिनं वाट बदलली आणि पलीकडचं, इलिनॉयचं एक गाव तुटून अलीकडे, आमच्या बाजूला आलं. नकाशावर ते अजून इलिनॉयमध्ये, पण जायचं तर मिसुरीतून. वत्सला पाहुण्यांना सांगायची, "बघा, हे लोक जागचे हलले नाहीत आणि तरी दुसऱ्या मुलखात आले. आम्हाला मात्र दोन विमानं बदलावी लागली."

ती बोलायची. मुद्दा तोच आहे. बोलणं तिचं होतं.

हे काम जोडीचं होतं. गावातली जुनी घरं सांभाळणारं एक मंडळ आहे, आपल्या मंडळासारखंच, भांडणंही तशीच. त्याच्या प्रमुख मिस आर्लीन. शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, लग्न न केलेल्या, आडनाव फ्रेंच, पणजोबाचे पणजोबा इथल्या जुन्या स्मशानात लोखंडी क्रॉसाखाली आहेत. मी आधी त्यांच्याकडे सुटं काम करायचो, गिलावा, चुना. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला वत्सला इस्पितळातून निवृत्त झाली तेव्हा मिस आर्लीन म्हणाल्या, मागचं खोपटं रिकामं आहे, तुम्ही दोघं राहा. डॅट घर सांभाळेल, वॅटी पाहुण्यांना दाखवेल. डॅट म्हणजे मी, दत्ताराम. वॅटी म्हणजे ती. अर्धं काम माझं, अर्धं तिचं. त्यातलं माझं अर्धं कुणालाही पैसे देऊन करून घेता आलं असतं. तिकीट काढून लोक यायचे ते तिचं अर्धं ऐकायला.

माझं इंग्रजी हार्डवेअरच्या दुकानापुरतं. ती म्हणायची, "अहो, तुम्हीही एकदा दाखवा घर. मला ताप आला तर?" मी म्हणायचो, "मी भिंत उभी करतो, तिचं कौतुक तू कर." ताप तिला कधी आला नाही.

आता भिंतीचं सांगतो, कारण तुम्हा इंजिनीअर लोकांना वाटेल घर म्हणजे विटा. इथं तसं नाही. या फ्रेंचांनी जमिनीत चर खणला आणि त्यात ओंडके उभे रोवले, एकाशेजारी एक, आपण कोकणात मेढी रोवतो तसे. पाया नाही, जोतं नाही. ओंडक्यांच्या मधल्या फटीत माती, पेंढा आणि जनावरांचे केस तुडवून भरले. वरून चुना. भोवती चारी बाजूंनी पडवी, उतरतं छप्पर. मी हे घर पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, हे तर कुडाचं घर! आमच्याकडे कारवी, इथं ओक आणि सीडर, एवढाच फरक. अमेरिकेत आल्यापासून मला ओळखीचं असं पहिल्यांदा काही दिसलं होतं. मी बाहेरून भिंतीला हात लावला, चुना हाताला लागला. वत्सला म्हणाली, "झालं. आता तुम्ही जेवायला यायचे नाहीत."

हा चुना हाताला लागतो हे लक्षात ठेवा. ऑइलपेंटसारखा तो धरून बसत नाही. गावातच चुन्याची खाण आणि भट्ट्या आहेत. कळीचा चुना आणायचा, पिंपात विरवायचा, थोडं मीठ टाकायचं, कुंच्यानं पातळ हात द्यायचे, दर वसंतात. वत्सलाच्या पेरांवर कायम पांढरं असायचं. दिवसाला किती लोक आले हे मी तिच्या बोटांकडे बघून ओळखायचो.

असा ओंडका सडतो कुठं? तुम्ही म्हणाल, जमिनीत. नाही. जमिनीत पुरलेला भाग टिकतो. वरचाही टिकतो. सडतो तो जमीन आणि हवा भेटते त्या चार बोटांत. तिथं मोगरीनं ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणकन बोलतं, सडकं भद बोलतं. सडका तुकडा कापायचा, नवा सांधायचा, आणि वरचं घर तोवर जॅकवर तोलून धरायचं. जीव मुठीत घेऊन करायचं काम आहे. मी गुडघ्यावर बसून हे करत असलो की ती पाहुण्यांना दाखवायची, "जुनी घरं नेमकी इथंच कामातून जातात. नवरेही. गुडघ्यात."

ठोक्यांची सुरुवात यातूनच झाली. पहिल्याच उन्हाळ्यात ती आत मधल्या खोलीत पाहुण्यांना सांगत होती की ही भिंत पायाशिवाय उभी आहे, आणि मी बाहेरून वाळवी शोधत ठोकत होतो. तिला बोलता येईना. तिनं रागानं आतून दोन ठोके दिले. थांबा! मला वाटलं, ती काहीतरी विचारतेय. मी आणखी तीन दिले. आत हशा. मग तिनं पाहुण्यांना सांगितलं, "हा माझा नवरा. ओंडके आणि तो, दोघेही मातीत रोवलेले आहेत. दोघांनाही पाया नाही. तरी उभे आहेत." तेव्हापासून तो कार्यक्रमच झाला. मधल्या खोलीत ती विचारायची, "भिंत अजून भक्कम आहे का, कोणाला विचारू?" आणि आतून दोन द्यायची. मी असेन तिथून धावत यायचो आणि बाहेरून तीन द्यायचो. एकदा मी शिडीवर होतो, उशीर झाला, तर ती पाहुण्यांना म्हणाली, "भिंत विचार करतेय." मग झडपा लावतानाही तेच ठोके कामाला आले.

गावात माणसं कसली कसली यायची. एकदा खुद्द फ्रान्सचा एक माणूस आला. गळ्यात मफलर, उन्हाळा असून. सगळं घर फिरला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "आमच्याकडे असं एकही घर नाही. हे फ्रेंच नाहीच." मिस आर्लीन शेजारीच होत्या, त्यांचा चेहरा पडला. वत्सला म्हणाली, "बरोबर आहे. आमची मुलगी भारतात गेली की तिथले लोक तिला म्हणतात, तू असं कसं बोलतेस, असं आता कुणी बोलत नाही. आम्ही आलो तेव्हाचं आम्ही धरून ठेवलं, तिकडचे पुढे गेले." जाताना पडवीत उभा राहून त्यानं फोटो काढून घेतला.

नवीन वर्षाच्या आदल्या संध्याकाळी गावातले पुरुष सोंगं घेऊन, तोंडाला काळं फासून, फिडल वाजवत दारोदार फिरतात आणि फ्रेंच गाणं म्हणतात. म्हणणाऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नाही, बापानं म्हटलं म्हणून हे म्हणतात. पहिल्या वर्षी आमच्या दाराशी आले तेव्हा मला शिमगाच वाटला. मी सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन बाहेर गेलो. सोंगं नारळाकडे बघत उभी. वत्सला आतून ओरडली, "अहो, ते दारू मागतायत, शिधा नाही!" पुढच्या वर्षीपासून ती त्यांच्यासाठी करंज्या करून ठेवायची, आणि ते आमच्याकडे सगळ्यात आधी यायला लागले.

आणि आता शेणाचं. ते सांगितलं नाही तर मिस आर्लीनच सांगतील.

घरामागे स्वयंपाकाची वेगळी खोली आहे, आग लागू नये म्हणून लांब. तिची जमीन मातीची. पाहुण्यांच्या बुटांनी धुरळा उडायचा, सगळी शिंकायची. मी म्हटलं, यात काय मोठं? वत्सला सेंट लुईसला गेली होती त्या दिवशी मी मोठ्या शेताकडच्या एका जर्मन शेतकऱ्याकडून बादलीभर ताजं शेण आणलं आणि सगळी जमीन हातानं सारवली. छान बोटं उठली. मी बाहेर उभा राहून बघतोय, तेवढ्यात मिस आर्लीन देणगी देणाऱ्या तीन बायकांना घेऊन आल्या. पांढरे बूट. नाक मुरडून म्हणाल्या, "डॅट, व्हॉट इज दॅट?" मी अभिमानानं सांगितलं, "काउ. फ्रेश. बेस्ट क्वालिटी."

पुढचं मी सांगत नाही.

संध्याकाळी वत्सला आली. मला वाटलं, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. तिनं दारातूनच वास घेतला आणि पोट धरून हसायला लागली. "अहो, इथली गाय मका खाते, गवत नव्हे! हे शेण नाही, हे वेगळंच काहीतरी आहे." आणि खरंच, वाळल्यावर ते भेगाळलं, माश्या झाल्या, आणि मी दोन दिवस खुरपत बसलो. आमच्या बाईसाहेब फाटकाशी खुर्ची टाकून पाहुण्यांना सांगत होत्या, स्वयंपाकघर दुरुस्तीसाठी बंद आहे. पुढे तीच गोष्ट ती घर दाखवताना सांगायला लागली. मिस आर्लीनही त्यावर हसायच्या. त्या तीन बायकांनी देणगी दिली की नाही, माहीत नाही. मी विचारलं नाही.

आपली मंडळीही यायची. सेंट लुईसहून चार-पाच गाड्या, डॉक्टर, इंजिनीअर, मुलं मागच्या सीटवर वैतागलेली. "काका, इथं बघण्यासारखं नक्की काय आहे?" एक साहेब विचारायचे. "आय मीन, इट्स अ मड हाउस, ना?" म्हटलं, होय साहेब, मड हाउस. तुमच्या आजोळी आहे तसंच. फक्त इथं तिकीट आहे. त्यांचा मुलगा विचारायचा, "व्हेअर्स द गिफ्ट शॉप?" वत्सला सगळ्यांना पडवीत बसवून कांदेपोहे द्यायची. तिथं बसल्यावर मात्र सगळे गप्प व्हायचे. पडवीत बसल्यावर माणूस गप्प होतोच. ते घर बांधणाऱ्यांना माहीत असावं.

एक पाहुणी मात्र मी विसरणार नाही. काळी बाई, वयस्क, हॅट घातलेली, एकटीच आलेली. सगळं घर बघितलं, झुंबर, पलंग, मालकिणीचा आरसा. मग स्वयंपाकाच्या खोलीत उभी राहिली, वर माळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "इथं वर कोण झोपायचं?"

वत्सलाला ते माहीत नव्हतं. तिला जे सांगायला दिलं होतं त्यात ते नव्हतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही, मी विचारून सांगते." बाई म्हणाली, "मला माहीत आहे. मी फक्त बघायला आले की तुम्हाला माहीत आहे का."

दुसऱ्या दिवशी वत्सला मिस आर्लीनकडे गेली. त्या म्हणाल्या, गुलाम. फ्रेंचांकडे होते, माझ्या घराण्याकडेही होते. त्यांच्याकडे जी काही नावं होती ती त्यांनी दिली. त्यानंतर वत्सलानं घर दाखवायला पुढच्या दारानं सुरुवात करायचं सोडून दिलं. आधी स्वयंपाकाची खोली, माळा, आणि ती नावं. मग मोठं घर. काही पाहुण्यांना आवडायचं नाही, घड्याळ बघायचे. ती म्हणायची, "घड्याळ नंतर बघा. मी नर्स होते. आधी दुखतंय कुठं ते बघतात."

असं तिचं अर्धं.

ती गेल्यावर नंदा जर्सी सिटीहून आली. ती तिकडे बँकेत आहे, मॅनहॅटनला जाते. मंडळातली दहा-पंधरा माणसं आली, डॉक्टरीणबाईंनी मंत्र म्हटले. अस्थी फेरीबोटीवरून मिसिसिपीत सोडल्या. फेरीवाल्यानं मधोमध इंजिन बंद केलं आणि टोपी काढून उभा राहिला. पाणी गढूळ, वाशिष्ठीचं पावसात असतं तसं. ती दर वर्षी म्हणायची, एकदा चिपळूणला मोठ्या मुक्कामाला जाऊ. मी म्हणायचो, पडवीचं काम होऊ दे. पडवीचं काम कधी संपत नाही.

परत आलो तर मिस आर्लीन खोपटाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "डॅट, उद्या सकाळी एक बस येणार होती, रिटायर लोकांची. मी त्यांना नाही म्हणून कळवू का?" पुढे म्हणाल्या नाहीत, पण आम्हा दोघांनाही कळत होतं. दाखवणारं कुणी नाही तर घर बंद. दुसरं जोडपं शोधायचं तर त्यांना खोपटं हवं. त्यांचंही चूक नाही. काम जोडीचं होतं.

नंदानं माझी बॅग काढलीच होती. "बाबा, प्लीज, बी प्रॅक्टिकल. माझ्याकडे एक रूम रिकामी आहे. खाली ट्रेन आहे, आयसेलिनला इंडियन दुकानं आहेत. तुम्हाला इथं कोण आहे?"

म्हटलं, "घर आहे."

"घर त्यांचं आहे, बाबा. तुमचं नाहीये. आणि टूर कोण देणार? यू डोन्ट इव्हन लाइक टॉकिंग."

यात खोटं काहीच नव्हतं. मी मिस आर्लीनकडे वळून म्हणालो, "बस कम. आय शो." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नंदाकडे. "एकदा करून बघू," म्हणाल्या. "जमलं नाही तर मी मागे असेन." आणि गेल्या. नंदा म्हणाली, "बाबा, उद्या जमलं नाही तर तुम्ही माझ्याबरोबर येताय. प्रॉमिस करा." केलं. काय करणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तेलाची बुदली घेऊन मागच्या खिडकीच्या बिजागरीला तेल घातलं. मग झडपा उघडल्या. आत जाऊन आकडा काढ, बाहेर जाऊन ओढ, परत आत. एकट्याच्या खेपा. अंगाला घाम सुटला, ऑक्टोबर असून.

बस आली. पांढऱ्या केसांची माणसं, काठ्या, कॅमेरे. त्यांच्या मागे मिस आर्लीन, आणि त्यांच्याही मागे, हाताची घडी घालून, नंदा. मी स्वच्छ शर्ट घातला होता.

"कम," म्हटलं. "फर्स्ट किचन."

मला वाटलं होतं शब्द सापडायचे नाहीत. पण इतकी वर्षं मी भिंतीच्या पलीकडे होतो आणि उजवा कान चांगला आहे. तिचं सगळं मला येत होतं, क्रमानं येत होतं, फक्त माझ्या तोंडातून तुटकं बाहेर पडत होतं. "अप देअर, स्लेव्ह पीपल स्लीप." मग ती नावं घेतली. तिला जितकी येत होती तितकी सगळी. कुणी घड्याळ बघितलं नाही. मग शेणाचं सांगितलं, "काउ, फ्रेश, बेस्ट क्वालिटी," आणि म्हातारे इतके हसले की एकाला खोकला लागला. पुराचं सांगितलं, शेताचं सांगितलं, नदी ओलांडलेल्या गावाचं सांगितलं. मिस आर्लीन एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

मग मधली खोली आली.

"हाउस स्टँडिंग इन मड," म्हटलं. "नो फाउंडेशन. टू हंड्रेड इयर." आणि पुढचं वाक्य आपोआप आलं. "वॉल इज स्ट्राँग ऑर नो? वी आस्क." आणि मी पेरांनी भिंतीवर दोन ठोके दिले.

आणि उभा राहिलो.

सगळे उभे होते. वाट बघत होते. त्यांना काय माहीत? हे मी आधी विचारात घेतलं नव्हतं. सगळं तिचं पाठ होतं, पण इथलं उत्तर माझं होतं, बाहेरचं, आणि मी आत होतो. मिस आर्लीननी तोंडावर हात ठेवला. एक म्हातारा हळूच बायकोला म्हणाला, "आर वी सपोज्ड टु डू समथिंग?"

"वेट," म्हटलं. "यू स्टे. आय कम."

त्यांना तसंच सोडून मी पुढच्या दारानं बाहेर गेलो, पडवीतून वळसा घालून मागे आलो. मोगरी जिथं शनिवारी ठेवली होती तिथंच, कठड्यावर होती. घेतली. भिंतीवर तीन ठोके दिले. रोजच्यासारखे.

मग दुसऱ्या हाताचा तळवा ओंडक्यावर टेकला. सवय. टेकून उभा राहिलो, कशाची वाट बघत होतो ते सांगता येत नाही.

आतून दोन ठोके आले. ऐकू आले नाहीत, हाताला कळले.

मी मोगरी कठड्यावर ठेवली आणि आत गेलो. माणसं टाळ्या वाजवत होती. नंदा भिंतीला लागून उभी होती, हाताची घडी सुटलेली, डोळे खाली. तिच्या उजव्या हाताच्या पेरांना पांढरा चुना लागला होता.

"पूस ते," म्हटलं. "अजून दोन खोल्या दाखवायच्या आहेत."